झाकणं, पुठ्ठा आणि दीड वर्षाचा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे. दुकानातली ‘शिकण्याची’ खेळणी परवडत नाहीत, म्हणून व्हिडिओ बघून तीन गोष्टी घरीच केल्या. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या झाकणांवर मुळाक्षरं लिहिली; तो ती सरळ तोंडात घालतो. पुठ्ठ्याचं आकारांचं कोडं केलं. ते वाकलं आणि त्याने कोपरे चावून लगदा केला. पाणी-तेलाची रंगीत बाटली केली. ती गळली, शिवाय थंडीत आतलं तेल गोठलं. सासूबाई म्हणतात, त्याला स्वयंपाकघरातले डबे दे, तेवढं पुरे. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी एबीसीडी म्हणते, त्यामुळे मलाच घाई झालीय. तीनशे रुपयांच्या आत काय करता येईल?
— एक आई, चाकण

उत्तर : आधी ती झाकणं उचलून त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, मग पुढचं वाचा.

कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेंटिमीटरचं असतं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ती बाद. तुमचं झाकण त्या नळीत आरामात जातं. घरी हीच तपासणी करायला जाड कागदाची, आतून ४ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब अशी नळी करा. मूळ मापापेक्षा ती मुद्दाम मोठी ठेवायची. तिच्यात जे मावेल ते तीन वर्षांचा होईपर्यंत घरातल्या खेळण्यांत नको. चेंडू आणि गोल मणी याहून धोक्याचे, कारण ते घशात बुचासारखे बसतात; ते साडेचार सेंटिमीटरपेक्षा मोठेच हवेत.

दुकानातल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयची खूण सक्तीची आहे. घरी केलेल्या खेळण्याला अशी खूण नसते, त्यामुळे ही नळी फ्रिजवर कायमची ठेवून द्या आणि नवी वस्तू त्याच्या हातात देण्याआधी तिच्यात घालून बघा.

बियांचंही याच जोडीला सांगून टाकतो. व्हिडिओत राजमा, चणे, शेंगदाणे वाटीत भरून मुलाला चमच्याने हलवायला दिलेले दिसतात. दीड वर्षाच्या मुलाला हे देऊ नका. कोरडं कडधान्य नाकात गेलं तर ओलाव्याने फुगतं आणि काढायला अवघड होतं. शेंगदाण्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर मूल जोरात ठसकतं, मग शांत होतं, आणि घरच्यांना वाटतं की गेला बाहेर. तो आत फुप्फुसाच्या नळीत बसलेला असू शकतो. खाताना-खेळताना असा ठसका लागून नंतर खोकला किंवा घरघर राहिली, तर मूल हसतंखेळतं असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. गावाकडून कुणी हौसेने गुंजा आणल्या, कुंपणाच्या बिट्ट्या (पिवळ्या कण्हेरीच्या बिया) किंवा एरंडाच्या, मोगली एरंडाच्या बिया आणल्या, तर त्या घरातच ठेवू नका. चारही विषारी आहेत. लाल-काळी गुंज दिसायला जितकी गोड तितकी वाईट. फोडून चावली गेली तर एखादी बीसुद्धा जिवावर बेतू शकते. बिट्ट्यांनी आपण सगळेच खेळलो असू, पण म्हणून त्या निर्धोक ठरत नाहीत.

आता त्याने काय शिकायचं ते. १९ महिन्यांचं मूल दिवसभर दोन-चारच कामं करत असतं: आत टाकणं, बाहेर काढणं, उघडणं, एकावर एक ठेवणं आणि पाडणं. खेळणं यातल्या एकाच कामासाठी करायचं. एका डब्यावर रंग, आकार, अक्षरं आणि प्राणी सगळं आणलं की त्याला काय करायचं तेच कळत नाही, आणि तो तो डबा फेकतो. शेजारच्या मुलीचं एबीसीडी ही चाल आहे, गाण्यासारखी; तिला अजून अक्षरं ओळखता येत नाहीत आणि यायची गरजही नाही. घाई करायचीच तर दुसऱ्या गोष्टींची करा: हाक मारल्यावर तो बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा दोन वर्षांचा झाल्यावरही ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यावर खेळण्याचा उपाय नाही.

तुम्ही सगळ्यात आधी करावा असा प्रकार म्हणजे फटीचा डबा. खर्च जवळपास शून्य.

श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा एक किलोचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. आत टाकायला लोणच्याच्या, सॉसच्या, मधाच्या बरण्यांची प्लॅस्टिकची झाकणं, ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाची, सहा-सात नग. पत्र्याची झाकणं घेऊ नका, त्यांची कड कधी ना कधी कापते. लोणच्याच्या झाकणातली पुठ्ठ्याची किंवा फोमची चकती काढून टाका, ती तो नखाने उचकटून खाईल. मग झाकणं सोड्याच्या गरम पाण्यात तासभर ठेवून धुवा. लोणच्याचा वास तरी थोडा राहतोच, त्याला इलाज नाही.

डब्याच्या झाकणावर मधोमध फट आखा. तुमचं सर्वांत मोठं झाकण ७ सेंटिमीटरचं आणि दीड सेंटिमीटर जाड असेल, तर फट ८ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद. जुनी सुरी गॅसवर तापवून, खिडकी उघडी ठेवून, चार बाजू कापा. एका दमात कापायला गेलात तर प्लॅस्टिक ओढलं जाऊन फट वाकडी होते. प्रत्येक बाजूला सुरी परत तापवा. नंतर कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकचा जो काठ उरतो तो १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा आणि स्वतःची करंगळी फटीच्या आतून चारही बाजूंनी फिरवून बघा. लोकांचं काम इथेच अर्धवट राहतं. वरून गुळगुळीत दिसणारी कड खालच्या बाजूने कानशीसारखी असते, आणि मूल आत हात घालून झाकण काढायला बघतंच.

डब्याच्या तळाशी एक स्टीलची ताटली ठेवा. झाकण आत पडलं की खणकन आवाज येतो, आणि त्या आवाजासाठी ते परत टाकलं जातं. ताटली नसेल तर हाच डबा दहा मिनिटांत कंटाळवाणा होतो.

पहिल्या दिवशी फट त्याच्या समोर आडवी येईल असा डबा ठेवा. दोन-तीन दिवसांनी डबा पाव वळण फिरवून फट उभी करा. आता झाकण हातात फिरवावं लागतं, आणि मनगट फिरवणं हीच या खेळाची खरी शिकवणी. अडला तर त्याचं झाकण आपण घालून देऊ नका. डबा थोडा फिरवून द्या. डबा भरला की तो तुमच्याकडे उघडायला आणेल. तेव्हा ‘उघड’, ‘संपलं’, ‘अजून’, ‘आत’ हे शब्द बोलायचे. अक्षरांपेक्षा त्याच्या आज हे जास्त कामाचे आहेत. तो अडकलेलं झाकण ठोसून घालायला लागला तर फट अरुंद झाली आहे; अर्धा सेंटिमीटर वाढवा. न बघताच घालायला लागला की या डब्याचं काम झालं. मग दुसऱ्या झाकणावर ५ सेंटिमीटरचं गोल भोक पाडा आणि चिंध्यांचे घट्ट शिवलेले, साडेचारहून थोडे मोठे चेंडू टाकायला द्या. भोकातून थोडं ढकलावं लागलं तर जास्त मजा.

असाच दुसरा डबा ओढायचा. टिश्यूपेपर ओढून काढायची सवय असेल तर हा आठवडाभर टिकतो. डब्याच्या झाकणाला ६ सेंटिमीटरचं भोक, आत जुन्या सुती साडीचे २५ बाय २५ सेंटिमीटरचे आठ-दहा तुकडे. कडा दुमडून शिवा, कारण निघालेला दोरा बोटाभोवती आवळला जाऊन रक्त अडतं. तुकड्यांना एकमेकांशी गाठी मारून जादूगारासारखी लांब माळ करू नका. ती गळ्याभोवती जाते. एकात एक अडकवून घड्या घाला, म्हणजे एक ओढला की दुसऱ्याचं टोक बाहेर येतं. सिंथेटिक साडी घेऊ नका, ती घसरते आणि टोक वर येत नाही. गळ्याभोवती जाण्याच्या याच भीतीने ओढगाडीची दोरीही आखूड ठेवावी लागते. २० सेंटिमीटरपेक्षा लांब दोरी असलेलं खेळणं तुमच्या डोळ्यांसमोरच खेळायचं आणि खेळून झालं की खिळ्याला टांगायचं.

तुमच्या बाटलीकडे येऊ. या चुका नेहमीच्या आहेत. तेल गोठलं कारण ते खोबरेल होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, आणि पुण्याकडच्या डिसेंबरच्या सकाळी तर सहज. सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल वापरा. पाणी दुधासारखं गढूळ झालं असेल तर बाटलीत साबणाचा अंश राहिला होता. साबण असला की तेल-पाणी एकजीव होऊन बसतं आणि थर सुटत नाहीत. तीन-चार वेळा नुसत्या पाण्याने धुवा. गळती झाकणाची.

बाटली घ्या २०० ते २५० मिलीची, जाड प्लॅस्टिकची, त्याच्या मुठीत मावणारी. अर्धी बाटली उकळून गार केलेलं पाणी, त्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब. जास्त रंग घातला तर काळपट होऊन आतलं काही दिसत नाही. पाव बाटली तेल. उरलेली जागा रिकामी हवी, नाहीतर पाणी हलतच नाही. आता मानेचे आटे कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. तेलाचा एक थेंब जरी राहिला तर काहीही चिकटत नाही. आट्यांवर प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, झाकण फिरतं त्याच दिशेने चार-पाच वेढे घाला. उलटी गुंडाळली तर झाकण बसवताना ती गोळा होऊन सुटते. झाकण करकचून लावा. झटपट चिकटवण्याचा गोंद या झाकणांच्या प्लॅस्टिकला नीट धरत नाही, वरून लावलेला तर कधीच नाही. त्याऐवजी झाकण आणि मान यांच्या सांध्यावर एमसीलचा सलग पट्टा दाबा आणि रात्रभर हात लावू नका. मग बाटली वर्तमानपत्रावर उलटी करून आणखी एक रात्र. कागदावर डाग नसेल तरच त्याला द्या. आणि आत मणी, टिकल्या, चमकी काही टाकू नका. बाटलीच्या तोंडातून जे आत जातं ते सगळं तुमच्या चाचणीच्या नळीतही जातं, आणि बाटली पडून पडून तळाशी कधीतरी तडकणारच. दर आठवड्याला तळ दाबून बघा.

पुठ्ठ्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: चावण्याचं वय सरेपर्यंत पुठ्ठ्याचं खेळणं करू नये. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून वाचवायला गेलात तर तो पट्टी सोलून खाईल, ती पुठ्ठ्यापेक्षा वाईट. कोड्याचं काम आत्ता वाट्यांकडून करून घ्या. तीन वेगळ्या मापांच्या स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून मोठ्या कागदावर पेनाने गोल काढा, कागद फरशीला चारही बाजूंनी चिकटवा, आणि वाटी तिच्या गोलावर ठेवायला शिकवा. कागद फाटला तर दुसरा, दोन मिनिटांचं काम.

पुढच्या वर्षी पुठ्ठा घ्याल तेव्हा वाकणार नाही असा करायचा. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत एका दिशेने नळ्या असतात. दोन थर चिकटवताना त्या एकमेकींना काटकोनात ठेवा. फेव्हिकॉल पातळ पसरा, कारण वाकवतो तो त्यातला ओलावा. वर पाण्याने भरलेला हंडा १२ तास. एकाच बाजूला कागद किंवा रंग लावला तरी सुकताना त्या बाजूला ओढलं जातं, म्हणून दोन्ही बाजूंना लावा. भोकातून कापून निघालेला तुकडाच परत तिथे बसवायला देऊ नका, तो घट्टच बसतो. वेगळ्या पुठ्ठ्यातून व्यासाने अर्धा सेंटिमीटर लहान कापा आणि चौकटीपेक्षा एक थर जाड ठेवा, म्हणजे बोटात येतो. सुरुवात फक्त गोलाने. गोल कसाही फिरवला तरी बसतो. चौकोन चार बाजूंनी बसतो, त्रिकोण तीनच. व्हिडिओतल्या कोड्यात पहिल्याच दिवशी चांदणी असते!

रंगाचं थोडक्यात: खेळण्याला ऑइलपेंट लावू नका, विशेषतः घरात पडून असलेल्या जुन्या डब्यातला. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१६ चा, त्याआधीच्या डब्यात काय आहे सांगता येत नाही. लाकडी ठोकळे सुताराकडून सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून ५ सेंटिमीटरचे कापून घ्या, प्लायवूडचे नकोत, कडेच्या कपच्या निघतात. ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिशपेपरने याच क्रमाने घासा, कोपरे गोल करा, आणि रंगाशिवायच द्या. सहा ठोकळे पुरतात. आत्ता त्याचे तीन-चार एकावर एक राहिले तरी छान.

खळ लागली तर घरीच मैद्याची शिजवा. बाइंडिंगवाल्याकडची आणू नका, तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट, विषारी) घालायची रीत आहे.

मळायला पोळीची कणीकच द्या, थोडं तेल लावून, आणि संध्याकाळी टाकून द्या. टिकणाऱ्या पिठाच्या कृतीत वाटीभर मैद्याला अर्धी वाटी मीठ असतं. तेवढं खारट पीठ लहान मुलाने घासभर खाल्लं तर मिठाचाच त्रास होतो. ते अडीच-तीन वर्षांनंतर, तोंडात घालणं थांबल्यावर. तेव्हा एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक चमचा तेल, अर्ध्या लिंबाचा रस आणि एक वाटी पाणी, मंद आचेवर कडा सुटेपर्यंत हलवायचं. पावसाळ्यात मीठ ओल ओढतं आणि गोळा चिकट होतो. मूठभर कोरडा मैदा मळून घातला की पुन्हा चालतो. हळदीने रंगवलात तर जवळ सोडा किंवा साबण नको, पिवळा गोळा लाल होतो. थोड्या मोठ्या मुलाला हे मुद्दाम करून दाखवायला हरकत नाही.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी म्हटलं की महाराष्ट्रात तीन नावं हमखास निघतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिकवण्याची साधनं उभी केली. पण ती बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी आणि शिक्षिका समोर असताना. अरविंद गुप्तांची पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली खेळणी विज्ञानाची आहेत, त्यांत टाचण्या, काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. दोन्ही उत्तम, पण तुमच्या मुलाला त्यांच्यासाठी अजून काही वर्षं थांबायचं आहे. त्याच वस्तू बघून दीड वर्षाच्या मुलासाठी व्हिडिओ करणारे वय सांगत नाहीत, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

सासूबाईंचं म्हणणं आम्हाला जवळपास पूर्ण पटतं. एकात एक बसणारे चार डबे, दोन वाट्या, एक गडू, लाकडी उलथनं. यात रचणं, मोजणं, आवाज, लहान-मोठं सगळं आहे. एवढंच बघा की डबे फिरकीच्या झाकणाचे दोन आणि दाबायच्या झाकणाचे दोन असावेत. फिरवून उघडणं साधारण दोन वर्षांच्या सुमारास जमतं, तोवर तुम्ही झाकण अर्ध सैल करून द्या. पाण्याचा खेळ द्यायचा तर परातीत, बोटभर पाणी, आणि तुम्ही शेजारी बसून, बादलीत नाही. तुम्ही फोन घ्यायला उठलात तर परातीतलं पाणी आधी ओतून टाका.

तीनशेचा हिशेब असा: टेफ्लॉन टेप, एमसीलचं छोटं पाकीट, पॉलिशपेपरचे तीन कागद, खाण्याचा एक रंग. सुताराला चहापाणी. उरलेल्या पैशांचं काही घेऊ नका. सगळी खेळणी एकदम बाहेरही ठेवू नका. तीन बाहेर, बाकी कपाटात, आणि चार-पाच दिवसांनी एक बदला. कपाटातून काढताना प्रत्येक वस्तूला चिरा, सैल दोरे आणि सुटलेली टेप बघा, आणि दुरुस्त होत नसेल तर सरळ कचऱ्यात टाका, त्याच्या डोळ्यांदेखत नाही.